बडोद्यातील इंटरफेस डिझाइन

मोबाइल किंवा संगणकाच्या स्क्रीनवर माणसाला काय दिसावे, काय दाबता यावे, काय लिहिता यावे आणि चुकल्यास मागे कसे फिरता यावे, याच्या आखणीला इंटरफेस डिझाइन म्हणतात. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेला आल्टो संगणक आणि १९८४ मधील ॲपलचा मॅकिंटॉश हे या क्षेत्राचे सुरुवातीचे टप्पे. भारतात २०१६ मध्ये यूपीआय आले आणि पुढे ज्यांनी कधी संगणकाला हात लावला नव्हता अशी माणसेही स्क्रीनवरून पैसे देऊ लागली. डिझायनरच्या कामाचे वजन तेव्हापासून वाढले आहे, कारण एक चुकीचे बटण आता थेट कुणाच्या तरी खात्याला भिडते.

बडोद्यात दृश्यकलेचे शिक्षण जुने आहे. तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि १९५० मध्ये त्याची ललित कला विद्याशाखा स्थापन झाली. मूळ इंदूरचे ना. श्री. बेंद्रे या विद्याशाखेत शिकवत आणि पुढे तिचे अधिष्ठाताही झाले. उपयोजित कला शिकलेल्यांना ॲप आणि वेबसाइटचे क्षेत्र आज खुले आहे, आणि अभियांत्रिकीकडूनही अनेक जण या कामात येतात. शहराभोवती रसायने, औषधे आणि विद्युत उपकरणे यांचे कारखाने असल्यामुळे साठा, तपासणी, देखभाल अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कामालाही इथे जागा आहे. नवख्याने ते टाळू नये. जो फॉर्म एक कामगार रोज, प्रत्येक पाळीत भरतो, त्यातला एक अनावश्यक रकाना काढला तरी त्याचे रोजचे श्रम वाचतात.

तीन लिप्या. बडोद्यातल्या मराठी घरात वीजबिल गुजराती, फोनची मांडणी इंग्रजी आणि नातेवाइकांचे संदेश मराठी असणे नेहमीचे आहे. इथे काम करणाऱ्या डिझायनरने सगळ्यात जास्त लक्ष लिपीकडे द्यावे, असे या नोंदीचे म्हणणे आहे. इंग्रजीत आखलेली स्क्रीन नंतर मराठी-गुजरातीत ‘भरून घेऊ’ ही पद्धत जवळपास हमखास फसते. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रकार, जोडाक्षरे येतात. इंग्रजीसाठी ठेवलेल्या ओळींच्या अंतरात वरच्या ओळीचा ‘पू’ खालच्या ‘र्ती’वर आदळतो. म्हणून ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा थोडी अधिक ठेवावी, बटणाला वर-खाली मोकळी जागा द्यावी आणि अक्षराचा आकार इंग्रजीपेक्षा किंचित मोठा घ्यावा. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, त्यामुळे इंग्रजी शीर्षकांवर शोभणारी ती हौस इथे सोडून द्यावी. इंग्रजीतला मोठ्या (कॅपिटल) आणि लहान अक्षरांचा भेदही आपल्याकडे नाही, त्यामुळे भर द्यायचा तो जाडीने, रंगाने किंवा जागेने. गुजरातीला शिरोरेषा नसल्याने तेवढ्याच आकाराचा मजकूर वेगळा दिसतो. दोन्ही लिप्या शेजारी ठेवून डोळ्यांनीच जुळवाव्या लागतात. एक टाइप या संस्थेच्या मुक्त आणि बालू या फाँट-कुळांत दोन्ही लिप्यांचे फाँट मिळतात आणि ते खुल्या परवान्यावर आहेत.

मराठीच्या स्वतःच्याही काही गोष्टी आहेत. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणि ‘ॲप’मधला ॲ निवडलेल्या फाँटमध्ये नीट दिसतात का, हे काम सुरू होण्याआधी पाहावे. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे अनेक फाँटमध्ये असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे कोडमध्ये सांगितल्याशिवाय ती उमटत नाहीत. हे कोड लिहिणाऱ्या डेव्हलपरला लेखी कळवावे. नावाचे पहिले अक्षर गोलात दाखवणाऱ्या ॲपमध्ये ‘क्षमा’ऐवजी नुसता ‘क’ येतो, कारण प्रोग्रॅम संगणकाच्या हिशोबातले पहिले चिन्ह उचलतो.

यापेक्षा खोल अडचण व्याकरणाची. इंग्रजी वाक्यात रिकामी जागा सोडून तिथे शहराचे नाव बसवता येते. मराठीत तसे केले की ‘बडोदे मध्ये ३ दुकाने’ असे निघते, कारण सामान्यरूप प्रोग्रॅमला येत नाही. ‘शहर : बडोदे, दुकाने : ३’ अशी रचना केली की प्रश्नच उरत नाही. ‘सुनीता यांनी ५०० रुपये पाठवले’ या वाक्यात नावाला प्रत्यय लागत नाही, आदर राहतो आणि पाठवणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हेही विचारावे लागत नाही. ‘१ पावती’ आणि ‘५ पावत्या’ यांसाठी दोन वेगळी वाक्ये लिहून द्यावीत. आकड्यांत स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने, म्हणजे १,००,००० असा यावा. ‘तुमचा’ आणि ‘आपला’ यांतले एक निवडून सगळ्या स्क्रीनवर तेच ठेवावे. यंत्राकडून भाषांतर करून घेतले तरी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून पाहावी. काउंटरवर बसलेला माणूस असे बोलेल का, एवढीच कसोटी लावली तरी बहुतेक दोष निघतात.

फॉर्ममध्ये नावासाठी दोनच रकाने ठेवण्याची परदेशी सवय इथे त्रास देते. आपल्याकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये येते आणि गुजरातेत आडनाव आधी लिहिण्याचीही पद्धत आहे. ‘पूर्ण नाव, ओळखपत्रावर आहे तसे’ असा एकच लांब रकाना सहसा पुरतो. शोधाच्या रकान्याने बडोदे, बडोदा आणि वडोदरा तिन्ही स्वीकारावे, आणि रोमन अक्षरांत टाइप केलेली मराठीही ओळखावी, कारण बरेच जण फोनवर तशीच लिहितात.

दिसणे आणि दाबणे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेद किमान ४.५ : १ असावा, मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ चालतो; ही वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची अट आहे. त्यांच्या २०२३ च्या २.२ या आवृत्तीत बोटाने दाबायच्या जागेचे किमान माप २४ बाय २४ पिक्सेल दिले आहे. अँड्रॉइड ४८ आणि ॲपल ४४ एककांची शिफारस करतात, आणि ज्येष्ठांसाठी हीच मोठी मापे धरावीत. फिक्या करड्या अक्षरांची फॅशन डिझायनरच्या मोठ्या मॉनिटरवर छान दिसते. खंडेराव मार्केटबाहेर, मे महिन्याच्या उन्हात, कमी उजेडाच्या फोनवर ती वाचता येत नाही. भारतात ही आता केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदात येतो असे म्हटले. प्रकरण ई-केवायसीचे, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीचे होते: पापण्या मिटून दाखवा अशी अट ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींना पूर्ण करता येत नव्हती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’चे, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे, १३ प्रकार नावानिशी सांगितले. खोटी घाई, टोपलीत गुपचूप घातलेली वस्तू, सुरू करायला सोपी पण बंद करायला अवघड वर्गणी हे त्यांतले काही. क्लायंटने असे काही मागितले तर ही यादी त्याच्यापुढे ठेवावी. नकार देताना ‘मला पटत नाही’ यापेक्षा तिचा उपयोग अधिक होतो.

रोजचे काम. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुंदर स्क्रीन काढणे हा कामाचा लहानसा भाग आहे. यादी रिकामी असताना काय दिसेल, नेटवर्क गेले तर काय, पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर काय, ओटीपी मुलाच्या फोनवर गेला तर आजोबांनी काय करायचे, हे काढून दिले नाही तर डेव्हलपर ते आपल्या मनाने भरतो. चूक झाल्याचे कळवणाऱ्या संदेशात काय बिघडले आणि आता काय करायचे, दोन्ही हवे. ‘काहीतरी चुकले’ एवढ्यावर कुणाचेच भागत नाही. डेव्हलपरला फाइल पाठवून मोकळे होण्यापेक्षा त्याच्याशेजारी बसून पहिली स्क्रीन उभी करून घ्यावी, पुढचे गैरसमज तिथेच मिटतात.

चाचणीसाठी मोठा खर्च लागत नाही. याकोब नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार पाच जणांबरोबर केलेली चाचणी सुमारे ८५ टक्के अडचणी दाखवते. पण तो हिशोब एकसारख्या वापरकर्त्यांचा आहे. बडोद्यात मराठी, गुजराती आणि इंग्रजी वापरणारे वेगळे गट धरून प्रत्येकातून निदान तिघे-चौघे घ्यावेत. ‘सोपे आहे ना?’ असे विचारले की समोरचा माणूस भिडेपोटी हो म्हणतो. ‘काकू, पाणीपट्टी भरायची आहे, आता काय दाबाल?’ असे विचारून गप्प बसावे. ते गप्प बसणे शिकायला वेळ लागतो, पण या व्यवसायातले सगळ्यात कामाचे कौशल्य तेच आहे.

पोर्टफोलिओत, म्हणजे नोकरी किंवा काम मागताना दाखवायच्या कामांच्या संग्रहात, दोन-तीनच कामे, पण मुळापासून दाखवावीत: अडचण कुणाची होती, कोणते पर्याय टाकले आणि का, वापरल्यावर काय बदलले. प्रसिद्ध ॲपला नवे रंग देऊन केलेली कामे निवड करणाऱ्याला फारसे सांगत नाहीत. दांडिया बाजारातल्या एखाद्या दुकानाची खरी वही पाहून तिच्यावरून केलेले बिलाचे ॲप त्याहून बरेच काही सांगते.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने करार लेखीच करावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. परदेशी क्लायंटला हे आधी समजावून सांगितले तर शेवटचा हप्ता मिळताना वाद होत नाहीत. मूळ फाइल द्यायची की नाही, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, वापरलेल्या फाँटचा परवाना कोण विकत घेणार आणि मराठी-गुजराती मजकूर कोण लिहिणार, हेही त्याच कागदावर यावे. मजकुराचे काम स्वतः करणार असल्यास त्याचे पैसे वेगळे लावावेत.