समलिंगी नायकाच्या रहस्यकथा हे ओटीटीचं फॅड नव्हे

लातूर-परभणीकडे पुस्तकांच्या गप्पांत एक समज हमखास ऐकू येतो: समलिंगी प्रेमाच्या रहस्यकथा, असे संबंध गुन्हा नाहीत या सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर ओटीटीमुळे आल्या, आणि त्यांत असा माणूस एकतर खुनी निघतो नाहीतर मरतो. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

अमेरिकेत जोसेफ हॅन्सन यांनी १९७० मध्येच डेव्ह ब्रँडस्टेटर हा विमा तपासनीस उभा केला. उघडपणे समलिंगी असलेला हा माणूस बारा कादंबऱ्यांचा नायक आहे. १९८० च्या 'व्हर्मिलियन' या दुसऱ्याच लेखकाच्या कादंबरीत तर बॉस्टनचा समलिंगी बारटेंडर आणि त्याची मैत्रीण खुनाचा छडा लावतात, तेही हसतखेळत. आणि आपल्याकडे असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मध्ये लिखाणाचा उल्लेखही नव्हता, म्हणजे लिहायला २०१८ ची वाट पाहायची गरज नव्हती.

या प्रकारातल्या प्रेमकथेत खुनी सापडतो आणि जोडीही जमते. शेवट गोड नसला तर वाचक हक्काने चिडतो.

हौशी हेराकडे ना वर्दी, ना वॉरंट. त्याचं हत्यार म्हणजे त्याचा धंदा. म्हणूनच मला वाटतं, हा प्रकार मराठवाड्यात झकास रुजेल. मोंढ्यातल्या आडतीवरचा मुनीम सोयाबीनच्या हिशेबपट्टीवर एका नजरेत खाडाखोड ओळखतो: वजनातल्या तिनाचा नंतर आठ केलाय, शाईही वेगळी. मेडिकलवाल्या मित्राला घेऊन तो निघाला, की ऐन पाळतीच्या वेळी मावशीचा फोन येणारच, "पोरगी बघायला कधी येतूस?" विनोद मुद्दाम आणावा लागणार नाही. कुणीतरी लिहाच.