आपल्या शहराने हवेचं उद्दिष्ट गाठलं का? माहिती अधिकारात हिशेब कसा मागवायचा

जानेवारी 2019 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. 2017 च्या तुलनेत 2024 पर्यंत हवेतले धूलिकण 20 ते 30 टक्क्यांनी कमी करायचे, असं तेव्हा ठरलं होतं. पुढे हे उद्दिष्ट वाढवलं: 2025-26 पर्यंत पीएम 10 म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतचे धूलिकण 40 टक्क्यांपर्यंत घटवायचे, नाहीतर वार्षिक सरासरी 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या मानकाच्या आत आणायची. देशातली 130 शहरं यादीत आहेत आणि त्यात सगळ्यात जास्त, 19, महाराष्ट्रातली. मुंबई, पुणे, नागपूर असणारच. पण जालना, लातूर, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अकोला, चंद्रपूर हीसुद्धा आहेत, हे तिथल्या अनेकांना ठाऊक नसतं.

उद्दिष्ट दिल्लीत ठरलं, तरी ते शहरांना वाटून दिलेलं आहे. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या दहा लाखांवरच्या शहरांना 2025-26 पर्यंत पंधराव्या वित्त आयोगाकडून पैसे ठरले, आणि त्या बदल्यात दरवर्षी पीएम 10 च्या सरासरीत 15 टक्के घट आणि वर्षात किमान 200 दिवस चांगली हवा अशी अट घातली गेली. बाकीच्या शहरांना दरसाल 3 ते 15 टक्के घट ठरवून दिली आहे. प्रत्येक शहराचा कृती आराखडा असतो, प्रगती अहवाल जातात, खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र जातं. यातलं बरंच ‘प्राण’ या केंद्रीय पोर्टलवर भरलं जातं, त्यामुळे आधी तिथे आपलं शहर उघडून बघा. आराखडा तिथेच मिळाला, तर त्यासाठी अर्ज करण्यात अर्थ नाही. पण कुठल्या रस्त्यावर, कुठल्या ठेकेदाराला, किती रुपये गेले हे महापालिकेच्या फायलीतच असतं, आणि ती फाईल उघडायला माहिती अधिकाराचा अर्ज लागतो.

अर्ज कोण करू शकतो

भारताचा कोणीही नागरिक. त्या शहरात राहण्याची अट नाही. साताऱ्यात बसून ठाण्याची माहिती मागता येते. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही, आणि अधिकाऱ्याने विचारायचंही नसतं. अर्ज व्यक्तीच्या नावाने करा. सोसायटी, मंडळ किंवा संस्थेच्या लेटरहेडवर केला, तर ‘नागरिक नाही’ म्हणून परत यायची शक्यता असते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही हक्क आहे. केंद्राच्या कार्यालयांसाठी त्यांना ई-पोस्टल ऑर्डरने फी भरता येते. परदेशी नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढलेल्यांना मात्र अर्ज करता येत नाही. त्यांनी इथल्या भावाला किंवा मित्राला करायला सांगावं.

अर्ज कुणाकडे द्यायचा

इथेच बहुतेकांचा महिना वाया जातो. खर्च, निविदा, यांत्रिक झाडू म्हणजे रस्ते झाडणारी वाहनं, रस्त्याकडेचं फरसबंदीकरण, स्मशानभूमीतल्या गॅसदाहिन्या हे सगळं महापालिकेकडे: जन माहिती अधिकारी, पर्यावरण विभाग. हवेची मोजणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय बहुतेक मोठ्या शहरांत असतं. उद्दिष्टाचं पत्र, करार आणि केंद्राने सोडलेला निधी यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा केंद्रीय पर्यावरण मंत्रालय. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा असं माहिती अधिकार कायद्याचं कलम 6(3) म्हणतं. पण मुदत योग्य कार्यालयात पोचल्यापासून मोजतात, म्हणून सुरुवातीलाच पत्ता नीट घ्या.

फी आणि कागदपत्रं

फार काही लागत नाही. राज्य सरकारच्या नियमांखालच्या कार्यालयांसाठी, म्हणजे महापालिका आणि राज्य मंडळ दोन्हींसाठी, ‘जोडपत्र अ’ हा नमुना आणि त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. केंद्राच्या कार्यालयासाठी साधा कागद आणि 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर. ही अदलाबदल करू नका. केंद्राकडे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदारांना फी माफ आहे, कार्डाची साक्षांकित प्रत जोडायची. ओळखपत्र जोडण्याची सक्ती कायद्यात नाही. नागरिकत्वाची शंका घेऊन कुणी पुरावा मागितलाच, तर मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्टची प्रत द्या. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे.

अर्ज हाताने दिलात, तर स्वतःच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाहीतर स्पीड पोस्टने पाठवून पावती जपा. ऑनलाइनसाठी राज्याचं आणि केंद्राचं अशी दोन वेगळी पोर्टल आहेत. आपली महापालिका राज्याच्या यादीत दिसली, तर तिथून फीसकट सगळं घरबसल्या होतं.

मजकूर

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज साधारण 150 शब्दांचा आणि एकाच विषयाचा असावा लागतो. म्हणून खर्च आणि मोजणी हे दोन अर्ज वेगळे करा. ‘हवा का सुधारली नाही?’, ‘जबाबदार कोण?’ असं विचारलंत, तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ हे एका ओळीचं उत्तर तयारच असतं. मत मागू नका, कागद मागा. महापालिकेसाठीचा मजकूर असा लिहिता येईल:

‘विषय: राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम. कालावधी: 1 एप्रिल 2021 ते आजपर्यंत. (1) या कार्यक्रमाखाली व पंधराव्या वित्त आयोगाच्या हवा गुणवत्ता अनुदानातून वर्षनिहाय प्राप्त व खर्च रकमेच्या नोंदीची प्रत. (2) केंद्र अथवा राज्य शासनास सादर केलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या प्रती. (3) शहराच्या कृती आराखड्यातील कामनिहाय प्रगती अहवालांच्या प्रती. (4) शहरस्तरीय अंमलबजावणी समितीच्या बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती. (5) यांत्रिक झाडूंच्या खरेदी अथवा भाडेकराराचे कार्यारंभ आदेश व वाहननिहाय दैनंदिन नोंदवही, फक्त मागील तीन महिने. माहिती व्यक्तिशः घेणार.’

पाचव्या मुद्द्यातले ‘फक्त मागील तीन महिने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पाच वर्षांच्या नोंदवह्या मागितल्या, तर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ म्हणून कार्यालय हात वर करतं. आणि झाडूच का? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीतल्या संस्थेने 2024 मध्ये मांडलेल्या हिशेबात या कार्यक्रमाचा जवळपास 64 टक्के निधी रस्त्यावरच्या धुळीवर खर्च झालेला होता. यश पीएम 10 वर मोजायचं ठरवलं की पैसा धुळीकडे वळणारच. फुप्फुसात खोल जाणारा धूर म्हणजे पीएम 2.5, तो मुख्यतः जळण्यातून येतो, आणि तो या परीक्षेच्या अभ्यासक्रमाबाहेर राहिला. माझ्या मते मूळ गफलत इथे आहे, पण ती अर्जात लिहू नका.

मोजणीचा अर्ज

हा राज्य मंडळाकडे जातो. यात केंद्रनिहाय वार्षिक सरासरी मागा, 2017-18 चा पायाभूत आकडा मागा, आणि बहुतेक लोक जे विसरतात ते मागा: प्रत्येक केंद्रावर वर्षभरात किती दिवसांची नोंद झाली. राष्ट्रीय मानकांच्या 2009 च्या अधिसूचनेत वार्षिक सरासरीची व्याख्याच अशी आहे की आठवड्यातून दोनदा, समान अंतराने, 24 तासांची मोजणी करून वर्षात किमान 104 नोंदी हव्यात. मानवचलित केंद्रावर 104 ऐवजी समजा 61 नोंदी निघाल्या आणि त्यात पावसाळ्यातल्या जास्त असल्या, तर सरासरी आपोआप सुंदर दिसते. स्वयंचलित केंद्रासाठी यंत्र बंद असलेल्या दिवसांची यादी मागा. पायाभूत वर्षी शहरात किती केंद्रं होती आणि आज किती आहेत, तेही विचारा. नवं केंद्र बागेशेजारी उभारलं तरी शहराची सरासरी खाली येते.

टक्क्यांवर भुलू नका. एखाद्या शहराची सरासरी 150 वरून 90 वर आली तर 40 टक्क्यांचं उद्दिष्ट पुरं झालं. हवा मात्र मानकाच्या दीडपट घाण राहिली. क्रमवारीचंही तसंच. 2023 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात 3 ते 10 लाख लोकसंख्येच्या गटात अमरावती पहिली आली, ते कौतुकाचंच आहे. पण त्या सर्वेक्षणात गुण मुख्यतः केलेल्या कामांना असतात. ‘पहिला क्रमांक’ आणि ‘स्वच्छ हवा’ या दोन वेगळ्या रकान्यांतल्या गोष्टी आहेत.

मुदत आणि अपील

उत्तराची मुदत 30 दिवस. मध्येच ‘अमुक पानांचे पैसे भरा’ असं पत्र येतं. दर पानाला 2 रुपये. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, तेव्हा लगेच भरा आणि चलन जपा. 30 दिवस उलटून गेल्यावर पैसे मागितले, तर कलम 7(6) प्रमाणे माहिती मोफत मिळायला हवी, हे त्या पत्राच्या उत्तरात लिहून द्या. पानं शेकड्यांत असतील, तर प्रतींऐवजी अभिलेख पाहणी मागा. फाईल समोर ठेवून, हवी ती पानं खुणा करून घेतली की खर्चही वाचतो आणि टिपणीच्या पानावरचे शेरेही वाचायला मिळतात, जे छापील प्रगती अहवालात कधीच नसतात.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर त्यानंतर 30 दिवसांच्या आत प्रथम अपील, ‘जोडपत्र ब’वर, 20 रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह, त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. केंद्राच्या कार्यालयात प्रथम अपिलाला फी नाही. निर्णय 30, फार तर 45 दिवसांत व्हायचा असतो. सुनावणीला मूळ अर्जाची शिक्का असलेली प्रत, पोस्टाची पावती आणि कुठल्या मुद्द्याचं उत्तर आलेलं नाही याचा एक पानी तक्ता न्या. अधिकारी तोच तक्ता समोर धरून विचारणा करतात.

तिथेही पदरी काही पडलं नाही, तर 90 दिवसांच्या आत दुसरं अपील: राज्यासाठी राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागातल्या खंडपीठाकडे, ‘जोडपत्र क’ आणि पुन्हा 20 रुपयांचा स्टॅम्प, केंद्रासाठी दिल्लीतल्या केंद्रीय माहिती आयोगाकडे. आयोगापुढे प्रकरणं तुंबलेली असतात आणि तारीख लागायला बराच काळ जातो. तोवर पुढच्या आर्थिक वर्षाचा अर्ज वेगळा टाकून द्या, नव्या वर्षाच्या कागदांसाठी जुनं अपील आड येत नाही.