काळी तीन की पांढरी पाच?

दिवाळीत भाचा आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला आला तो मोबाइलमध्ये नवं ॲप घेऊनच. गाण्याची फाइल दिली की ते लय, पट्टी आणि मूड सांगून मोकळं होतं. त्याने चेलोचं, म्हणजे व्हायोलिनच्या खर्जातल्या थोरल्या भावंडाचं, एक रेकॉर्डिंग दिलं: जर्मन संगीतकार बाखच्या पहिल्या चेलो सूटमधलं (सूट म्हणजे तुकड्यांची माळ) प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा. निकाल आला: मिनिटाला 144 ठोके, एफ शार्प मेजर, मूड शांत.

शेजारचे बुवा फराळाला आले होते. सप्ताहात पखवाज वाजवतात, वेळ पडली तर पेटीवरही बसतात. चेलो सुरू झाला तसा त्यांचा हात आपोआप मांडीवर पडू लागला. मी घड्याळ लावून मोजलं तर मिनिटाला 72. ॲपच्या बरोब्बर निम्मे. वर ते म्हणाले, "काळी तीनला लागलंय की हे."

"नाही हो बुवा, रेकॉर्डिंगच्या कव्हरवर जी मेजर लिहिलंय. म्हणजे पांढरी पाच."

"मग पेटी काढा."

पेटी काढली. काळी तीन, म्हणजे ॲपचाच एफ शार्प, दाबली आणि चेलो तिच्यात मिसळून गेला.

गंमत अशी की कव्हरही खोटं नव्हतं. हे वादन जुन्या धाटणीच्या, आतड्याच्या तारांच्या चेलोवरचं होतं. आज जगभर साधारणपणे मधल्या ए या स्वराला सेकंदाला 440 कंपनं धरतात. बाखच्या काळी असा एक नियम नव्हता, गावोगावी स्वर वरखाली असे. जुन्या पद्धतीने वाजवणाऱ्यांनी आता सोयीसाठी 415 हा आकडा ठरवून घेतला आहे. 440 वरून 415 वर उतरणं म्हणजे पेटीवर एक पट्टी खाली सरकणं. चेलोची जी ची मोकळी तार एरवी 98 कंपनांची, ती इथे साधारण 92 वर येते. वादक कागदावरचा जी वाचूनच वाजवतो, कानाला मात्र एफ शार्प ऐकू येतो. ॲपला कागद माहीत नाही. ते फाइलमधला सगळा आवाज बारा स्वरांच्या बारा खणांत वाटतं, कुठला खण किती भरला ते बघतं आणि ओळखीच्या नमुन्यांशी ताडतं. आपल्याकडे हा वाद उद्भवतच नाही, कारण सा कुठेही धरता येतो. पट्टी बदलली म्हणून भजन बदलत नाही.

लयीचं प्रकरण जास्त नाजूक. बाखने हे सूट 1720च्या आसपास लिहिले. त्याच्या हातची प्रत उरलेली नाही. बायकोने, आन्ना माग्डालेनाने, केलेली नक्कल आहे. तिच्यात प्रील्यूडवर लय लिहिलेलीच नाही. 42 मात्रागट, प्रत्येकात चार ठोके, आणि जवळजवळ प्रत्येक ठोक्यात चार स्वर. 72 च्या लयीत हे सव्वादोन मिनिटांच्या थोडं पुढे जातं आणि सेकंदाला जवळपास पाच स्वर पडतात.

ॲपला ऐकू येतात ते हे एकसारख्या अंतरावरचे स्वर. त्यात गजाने वाजणारा स्वर हळू उमलतो. तबल्याच्या थापेसारखी त्याला धार नसते. ठोका दर दोन स्वरांवर धरायचा की चार? दोन्ही गणितं बसतात. अशा वेळी बरीचशी सॉफ्टवेअर 120 च्या जवळचा आकडा पसंत करतात, कारण माणसाला साधारण अर्ध्या सेकंदाचा ठोका सोयीचा वाटतो. म्हणून 144. बुवांनी मात्र दर चार स्वरांवर ठोका धरला होता, म्हणून 72.

दुप्पट-निमपटीचा हा घोळ आपल्याच भागात कधीच नोंदला गेलाय. दौलताबादचा किल्ला आमच्यापासून पंधरा किलोमीटरवर. तो देवगिरी होता तेव्हा, तेराव्या शतकात, सिंघण यादवाच्या दरबारी हिशेबाचं काम बघणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात सगळ्यात जलद ती द्रुत, तिच्या दुप्पट विसाव्याची मध्य, आणि मध्यच्या दुप्पट ती विलंबित. हिशेबनीसच तो, दोनच्या पाढ्यात बसवलं! मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाची जागाही त्याने सांगितली आहे: हृदय. चेलो ऐकताना ते पटतं. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून 92 कंपनांचा खर्ज धड बाहेरही पडत नाही. पण त्याच स्वराचे 184, 276, 368 हे वरचे अंश येतात, त्यांच्यातलं अंतर ओळखून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. आम्ही सगळे चकलीच्या डब्याशेजारी ठेवलेल्या फोनमधून हा न वाजलेला खर्ज ऐकत होतो.

मूडचं मात्र मला हसूच आलं. आवाज किती मोठा, किती झळाळीचा, लय काय, मेजर की मायनर, यांवरून ॲप दोन गोष्टींचा अंदाज बांधतं, जोश किती आणि प्रसन्नता किती. मग अख्ख्या तुकड्याची सरासरी काढून एक शब्द चिकटवतं. शेवटाकडे मोकळी तार एकसारखी घुमत राहते आणि तिच्या अंगावरून स्वर एकेक पट्टी वर चढत जातात. सरासरीत हा चढ पार विरघळतो.

तिथे बुवांचा हात हवेतच थांबला. मान पुढे. शेवटचा स्वरगुच्छ आला तेव्हा पंजा मांडीवर असा पडला की बशी हलली.

"ह्याला शांत म्हणतंय व्हय ते?"