शालेय सामन्यांचे थेट प्रक्षेपण: कॅमेऱ्याआधी अपलोड

फेब्रुवारी 1988मध्ये हॅरिस शील्ड या मुंबईच्या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. जगभर गाजलेल्या त्या खेळाचे मागे उरले ते धावांचे आकडे आणि वृत्तपत्रांतल्या बातम्या. प्रक्षेपण तेव्हा दूरदर्शनचेच, आणि शाळकरी पोरांच्या सामन्याला ओबी व्हॅन, म्हणजे मैदानावरून प्रक्षेपण करणारी गाडी, पाठवणार कोण?

यूट्यूबने 2011मध्ये थेट प्रक्षेपणाची सोय निवडक वाहिन्यांना दिली, मग हळूहळू ती सर्वांना खुली केली. 2012मध्ये ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर आले आणि धावफलक पडद्यावर दाखवणे लॅपटॉपवर जमू लागले. पण मैदानात इंटरनेट कुठे होते? 720पी, म्हणजे साध्या एचडी दर्जाच्या, चित्राला सेकंदाला 4 मेगाबिट धरले तर तासाला 1.8 जीबी जातो, म्हणजे तीन तासांच्या सामन्याला साडेपाच जीबीच्या आसपास. महिन्याला 1 जीबीचा पॅक पुरवून वापरण्याच्या काळात हे परवडणारे नव्हते. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि आमच्या मते खरी सुरुवात तिथून झाली. 2019मध्ये चार एचडीएमआय इनपुटचा एटेम मिनी हा छोटा स्विचर, म्हणजे जोडलेल्या कॅमेऱ्यांतले हवे ते चित्र निवडणारे यंत्र, आला. कोविडकाळात लग्ने ऑनलाइन दाखवायला फोटो स्टुडिओंनी असेच सामान जमवले होते, तेही कामी आले.

म्हणून आजही खरेदीची सुरुवात कॅमेऱ्यापासून करू नये. आधी मैदानावरचा अपलोड वेग मोजावा, तोही संध्याकाळी, गर्दीच्या वेळी. सकाळी 15 मेगाबिट दाखवणारा टॉवर अंतिम सामन्याला प्रेक्षक जमले की 3वर येतो आणि चित्र अडखळते. प्रक्षेपणाला लागतो त्याच्या दुप्पट वेग हाताशी असावा, शिवाय दुसऱ्या कंपनीचे सिम तयार ठेवावे.

कॅमेरा निवडताना सेन्सरपेक्षा ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगाने जवळ आणणारा झूम, महत्त्वाचा. क्रिकेटला सीमारेषेबाहेरून खेळपट्टी टिपायची तर 20 पट झूमचा हँडीकॅम मोबाइलला सहज मागे टाकतो. कबड्डीला झूम फारसा लागत नाही, उंची लागते: मध्यरेषेच्या सरळ रेषेत, बाजूला, 3 मीटर उंच मचाणावर. अंतिम रेषेमागे कॅमेरा ठेवला तर बचावपटूंच्या पाठी मध्ये येतात आणि स्पर्श झाला की नाही, ते कळत नाही. रात्रीच्या सामन्यात चित्र लुकलुकते, कारण आपली वीज 50 हर्ट्झची. सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवले की बहुतेक दिव्यांखाली ते थांबते. एचडीएमआय केबल 10 मीटरपुढे भरवशाची राहत नाही, त्याहून लांब अंतराला एसडीआय ही व्यावसायिक व्हिडिओ केबल घ्यावी. जनरेटरवर काम असेल तर राउटर आणि लॅपटॉपला यूपीएस हवाच.

वाहिनी नवी असेल तर थेट प्रक्षेपण सुरू व्हायला 24 तास लागू शकतात. ते काम सामन्याच्या दोन दिवस आधी उरकावे. आणि मध्यंतरात लाउडस्पीकरवर सिनेमाची गाणी लागणार असतील तर तेवढा वेळ मैदानाचा माइक बंद ठेवावा. स्वामित्वहक्काच्या दाव्याने चालू प्रक्षेपण बंद पडू शकते.