641 ने भाग जातो

सूत्रात चार-पाच किमती घालून पाहिल्या, प्रत्येक वेळी उत्तर जुळले, म्हणजे सूत्र सिद्ध झाले असे पुष्कळांना वाटते. 4,29,49,67,297 ही संख्या या समजावर जालीम उतारा आहे.

2 चा घातांक 1, 2, 4, 8, 16 असा दुप्पट करत जायचा आणि येणाऱ्या संख्येत 1 मिळवायचा. 3, 5, 17, 257, 65,537 या पाचही संख्या मूळ आहेत. पुढेही मूळच येतील, असे फ्रेंच गणिती फर्मा 1640 च्या सुमारास मानत होता. सहावी संख्या 2³² + 1, म्हणजे वरची 429 कोटींची संख्या. तिला 641 ने नि:शेष भाग जातो, हे स्विस गणिती ऑयलरने 1732 मध्ये दाखवले. भागाकार 67,00,417.

641 शोधायचा कसा? संख्येचे वर्गमूळ 65,536 पेक्षा किंचित जास्त, आणि तिथवर 6,542 मूळ संख्या. ओळीने भागत गेलो तर 641 चा क्रमांक 116 वा. पण इतके भागाकार करावेच लागत नाहीत.

'प' हा मूळ विभाजक धरा. 2³² ला 'प' ने भागल्यावर बाकी −1 उरते (म्हणजे पूर्ण भाग जायला 1 कमी पडतो). वर्ग केला की 2⁶⁴ ची बाकी 1. बाकी 1 याहून आधी येऊ शकत नाही: पहिल्यांदा ती ज्या घाताला येते त्याने 64 ला भाग गेलाच पाहिजे, आणि तो घात 64 हून लहान असता तर त्याने 32 लाही भाग गेला असता, मग 2³² ची बाकी 1 आली असती. ती तर −1 आहे. म्हणजे बाक्यांचे चक्र बरोबर 64 पायऱ्यांचे. फर्माचेच छोटे प्रमेय सांगते की 2 च्या (प − 1) व्या घाताची बाकी 1 असते. म्हणून (प − 1) ला 64 ने भाग जायलाच हवा! अशा मूळ संख्या क्रमाने 193, 257, 449, 577, 641. पाचव्या भागाकारात काम फत्ते. पुढे फ्रेंच गणिती लुकासने 64 च्या जागी 128 चालतो हे सिद्ध केले. मग उरतात फक्त 257 आणि 641.

641 चा पडताळा तर तोंडी होतो. 641 = 5 × 2⁷ + 1, म्हणून 5 × 2⁷ ची बाकी −1 आणि त्याच्या चौथ्या घाताची, 5⁴ × 2²⁸ ची, बाकी 1. शिवाय 641 = 5⁴ + 2⁴, म्हणून 5⁴ च्या जागी −2⁴ ठेवा. −2³² ची बाकी 1 आली, म्हणजे 2³² + 1 ची शून्य.

67,00,417 मूळ आहे का? तिचे वर्गमूळ 2,589 च्या आत. तिचा विभाजक 2³² + 1 चाही विभाजक असणार, आणि 128 च्या नियमात बसणाऱ्या मूळ संख्या तिथवर पाचच: 257, 641, 769, 1153, 1409. एकीनेही भाग जात नाही, म्हणून ती मूळ.

गाडीच्या नंबरातल्या अंकांची बेरीज करून भाग्य सांगणारे चार जुळलेली उदाहरणे दाखवतात आणि न जुळलेली गाळतात. गणितात न जुळणारे एक उदाहरण पुरते.

2³² + 1 ही संख्या तपासणीलाही चकवते. छोट्या प्रमेयाची कसोटी 2 हा पाया घेऊन लावली तर 2 च्या 2³² व्या घाताची बाकी 1 येते, कारण 2³² ला 64 ने भाग जातो. संयुक्त, म्हणजे मूळ नसलेली, असून ती उत्तीर्ण! पाया 3 घेणारी पेपँची कसोटी मात्र तिला पकडते: 3 चा 31 वेळा लागोपाठ वर्ग करा, दर वेळी बाकीच पुढे न्या, संख्या मूळ असती तर शेवटी −1 आले असते. ते येत नाही.

घातांक 2³² पर्यंतच्या त्यानंतरच्या सगळ्या फर्मा संख्या (याच रीतीने येणाऱ्या संख्या) संयुक्तच निघाल्या आहेत. घातांक 2³³ असलेली, सुमारे 258 कोटी अंकांची संख्या मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागलेला नाही.