सोलापुरातली ख्रिस्ती सेवा : दुष्काळापासून सेटलमेंटपर्यंत

सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीत दयेचा विषय निघाला की मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25वा अध्याय हमखास वाचला जातो. भुकेल्याला जेवू घातले, परक्याला घरात घेतले, बंदिवानाला भेटलात, तर ते मलाच केलेत, असे येशू तिथे सांगतो. सोलापूरने ही भूक आणि हा बंदिवास दोन्ही जवळून पाहिले आहेत.

अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकन धर्मप्रसारकांच्या संस्थेचे काम 1813 साली मुंबईत आणि 1831 साली अहमदनगरात सुरू झाले. सोलापुरात ते 1860च्या दशकात आले. थोड्याच वर्षांत 1876-78चा दुष्काळ पडला आणि या जिल्ह्याला त्याची झळ फार बसली. सरकारी दुष्काळी कामावर राबणाऱ्या पुरुषाची रोजची मजुरी व्हाइसरॉयचे दुष्काळ प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी एक पौंड धान्य आणि एक आण्यावर आणली. म्हणजे दिवसभर खडी फोडायची आणि हाती अर्धा किलोसुद्धा धान्य नाही. पुढे 1896-97 आणि लगेच 1899-1900 असे आणखी दोन दुष्काळ आले. आईबाप गमावलेली पोरे मिशनच्या बोर्डिंगात आली, तिथेच शिकली. मुलींसाठी वोरोनोको शाळा, लहानग्यांसाठी मेरी हार्डिंग यांची बालवाडी, ही कामे त्याच सुमाराला उभी राहिली.

‘भाकरीसाठी बाटले’ हे हिणवणेही तेव्हापासूनचेच. भाकरीला अट जोडली की ती दया राहत नाही, हे मला मान्य आहे. पण दारात आलेल्या उपाशी पोराला परत पाठवणे हे त्याचे उत्तर नव्हते. मिशनच्या छत्राबाहेरही ख्रिस्तसेवा करता येते, हे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी पुढे दाखवले. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती.

सोलापुरातला सर्वांत अवघड अध्याय मात्र सेटलमेंटचा, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवणाऱ्या वसाहतीचा. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला एखादी अख्खी जमात गुन्हेगार ठरवता येऊ लागली. त्यात पारधी, कैकाडी, कंजारभाट, मांग गारुडी भरडले गेले. त्यांना सोलापुरात काटेरी तारेच्या आत वसवण्यात आले. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, पास असेल तरच बाहेर पडायचे, मोठ्यांनी गिरणीत कामाला आणि पोरांनी शाळेत जायचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही काळ इथली व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. त्या शाळेत पोरे अक्षरे शिकली, दवापाणी झाले, हे नाकारू नये. पण शिकवणारा आणि हजेरी घेणारा एकाच व्यवस्थेतला होता. बंदिवानाला भेटायला जाणे वेगळे आणि तुरुंगाची किल्ली सांभाळणे वेगळे. त्या काळातल्या सेवेबद्दल कृतज्ञता वाटते तेव्हा हा फरकही मला सलतो, आणि मंडळीने तो उघडपणे बोलावा असे मला मनापासून वाटते.

मुंबई प्रांतात हा कायदा 1949 साली गेला, देशभरात 31 ऑगस्ट 1952 रोजी. या कायद्यातून सुटलेल्या, म्हणजे विमुक्त, जमाती 31 ऑगस्ट हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. त्यानंतर 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. जमातीवरचा शिक्का कागदावरून पुसला गेला, तरी कुठे चोरी झाली की पोलिसांची पहिली नजर अजूनही याच वस्त्यांकडे वळते.