व्होल्टेज रेग्युलेटरची निवड

सर्किट बोर्डावरील आयसींना (चिपमध्ये बसवलेल्या सर्किटांना) लागणारा ठरावीक विद्युतदाब, आत येणारा दाब कमीजास्त झाला किंवा बोर्डाची प्रवाहाची गरज बदलली तरी, कायम राखणाऱ्या घटकास व्होल्टेज रेग्युलेटर म्हणतात. बोर्डाला ५ व्होल्ट हवेत म्हणून ५ व्होल्टचा रेग्युलेटर घेतला, एवढ्यावर ही निवड संपत नाही; आत येणारा दाब किती खाली उतरतो आणि घटकाला किती उष्णता बाहेर टाकावी लागते, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत. कोल्हापूर परिसरात दोन्हींची उदाहरणे शेजारी शेजारी आढळतात: उसाला पाणी देणाऱ्या नदीकाठच्या पंपांचे मोबाइलवर चालणारे स्टार्टर, आणि उद्यमनगर व शिरोली येथील फौंड्र्यांमधील कंट्रोल पॅनेल.

पॅनेलमध्ये साधारणतः २४ व्होल्ट डीसी उपलब्ध असतात. त्यावरून ७८०५ या लिनियर, म्हणजे जादा दाब उष्णतेत घालवणाऱ्या, रेग्युलेटरने ५ व्होल्टला २०० मिलिअँपिअर घेतल्यास उरलेले १९ व्होल्ट रेग्युलेटर स्वतःवर झेलतो. म्हणजे बोर्ड १ वॅट वापरतो आणि ३.८ वॅट नुसते उष्णतेत जातात. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) नसलेल्या टीओ-२२० आकाराच्या आयसीचे तापमान दर वॅटमागे सुमारे ६५ अंश सेल्सिअस वाढते, त्यामुळे हिशेबाने वाढ २४० अंशांच्या पुढे जाते, आणि भट्टीजवळची हवा मुळातच तापलेली असते. प्रत्यक्षात त्याआधीच आतील संरक्षण आयसी बंद करते, थंड झाल्यावर तो पुन्हा चालू होतो आणि बोर्ड वारंवार रीसेट होत राहतो. हा दोष पुष्कळदा प्रोग्रॅममध्ये शोधला जातो, हे नमूद करण्याजोगे आहे. अशा ठिकाणी एलएम२५९६ सारखा स्विचिंग, म्हणजे प्रवाह वेगाने चालू-बंद करून दाब उतरवणारा, रेग्युलेटर योग्य ठरतो: तो १५० किलोहर्ट्झला चालतो, ४० व्होल्टपर्यंतचा दाब घेतो, आणि ८० टक्के कार्यक्षमता धरली तरी वरील उदाहरणात केवळ पाव वॅट वाया जातो.

पंपाच्या स्टार्टरची अडचण उलट आहे. लाइनच्या टोकाला दाब पडतो. ९ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून, २३० व्होल्ट असताना, ब्रिजनंतर (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) शिखरदाब सुमारे ११.३ व्होल्ट मिळतो. लाइन १७० वर आली की तोच ८ व्होल्ट होतो. त्यातून दोन शिखरांमध्ये भार पेलणारा १,००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि ३०० मिलिअँपिअरचा भार असेल, तर दोन शिखरांमधल्या १० मिलिसेकंदांत दाब जवळपास आणखी ३ व्होल्ट उतरतो. ७८०५ ला ५ व्होल्ट देण्यासाठी आत किमान ७ व्होल्ट लागतात. येथे ५ च उरतात. कॅपॅसिटर २,२०० चा केला तरी ६.६ व्होल्टच मिळतात, म्हणून १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेऊन स्विचिंग रेग्युलेटर लावणे अधिक खात्रीचे. शिवाय स्टार्टरला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या सिम८००एल सारख्या जीएसएम मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि प्रसारणाच्या क्षणी ते २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. त्यासाठी स्वतंत्र, ४ व्होल्टचा रेग्युलेटर व मॉड्यूललगत मोठा कॅपॅसिटर ठेवावा.

स्विचिंगमुळे दाबावर मिलिव्होल्टांतली लहर राहते. भट्टीचे तापमान मोजणारे के प्रकारचे थर्मोकपल एका अंशाला सुमारे ०.०४ मिलिव्होल्टच देते, त्यामुळे ही लहर मोजमापात शिरू शकते. उपाय जुना व चांगला आहे: स्विचिंगने २४ चे ५ व्होल्ट करावेत आणि मोजमापाच्या भागापुरता एलडीओ, म्हणजे कमी फरकावर चालणारा लिनियर रेग्युलेटर, लावून ३.३ व्होल्ट घ्यावेत. एएमएस१११७ हा त्यासाठी स्वस्त असला, तरी त्याला सुमारे १.३ व्होल्टचा फरक आणि डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) सांगितलेला आउटपुट कॅपॅसिटर लागतो; तो गाळल्यास दाब आंदोलित होऊ शकतो.

बॅटरीवरील बोर्डासाठी रेग्युलेटरचा स्वतःचा प्रवाहही मोजावा. ७८०५ भाराविनाही सुमारे ५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सतरा दिवसांत रिकामी होते. एमसीपी१७०० या एलडीओला सुमारे १.६ मायक्रोअँपिअर पुरतात. मात्र त्याला ६ व्होल्टच्या वरचा दाब चालत नाही, म्हणून तो एका लिथियम सेलवर चालणाऱ्या बोर्डातच वापरावा.